रात्री दोनचा रकाना

पाण्याच्या टाकीच्या लोखंडी जिन्यावर
सातव्या पायरीला रेंजच्या दोन रेघा येतात.
वारा वरुडकडून असला तर तीन, असं निरंजन म्हणतो.
वाऱ्याचा काही संबंध नाही हे मला माहीत आहे,
तरी वारा कुठून आहे ते बघूनच बसते.

शोधायलाच तीन रात्री गेल्या.
उंदीर, मासे, यीस्ट, जंत अशा गर्दीतून
आधी चिलट निवडलं,
मग त्याचं फक्त डोकं,
मग मादी, मग पाच दिवसांची,
मग बारा तास उजेड बारा तास अंधार
आणि दर दोन तासांनी एक नमुना.
प्रत्येक खुणेसरशी यादी बारीक होत गेली,
खाली प्रतवारीच्या यंत्रावर होतात तशी संत्री:
मोठी दिल्लीला, मधली नागपूरला,
चुरी इथंच, टोपलीच्या भावात.
शेवटी एक फाईल उरली. चार जीबी.

संध्याकाळी कौतिकाबाई सडकी फळं उकिरड्यावर ओतायला आली.
ढिगावर चिलटांचा धूर.
"पोरी, हे तं फुकटची आहेत. तू कोठून मागवून राह्यली?"
मी म्हटलं, यांच्या डोक्यात कोणता जीन
केव्हा बोलतो, किती जोरात,
ते कोणीतरी मोजून ठेवलंय.
"अन् बोलते काय?"
ते नाही मोजलं, मामी. फक्त आवाज.
"मंग आमच्या घरासारखंच हाय," म्हणाली
आणि रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घालून गेली.

या जीन्सची नावं गमतीची.
एकाचं नाव पांढरा.
तो शाबूत असतो तेव्हा डोळा लाल असतो.
बिघडला की पांढरा,
म्हणून हे नाव.
आमच्या गल्लीत विठोबा सुताराला थोटा म्हणतात,
करवतीनं बोट नेलं त्या दिवसापासून.
उरलेली नऊ बोटं
अजून पाट करतात, चौकटी करतात,
त्यांना कोणी काही म्हणत नाही.

ब्याण्णव टक्क्यांवर तुटली.
पुन्हा पहिल्यापासून.
मधे निरंजनचा फोन आला तेव्हा परत तुटली,
त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.
दीड वाजता उतरली एकदाची.
पडताळणीच्या दोन लांबलचक ओळी
बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवल्या. जुळल्या.

उघडली.
सतरा हजार ओळी, बारा रकाने.
घड्याळाचा म्हणतात तो जीन शोधला:
संध्याकाळी चढतो, मध्यरात्री भरात,
मग पुढच्या रकान्यात
काहीच नाही.
वर बघितलं, खाली बघितलं,
सगळ्या सतरा हजार ओळींत
रात्री दोनचा रकाना कोरा.
वाटलं आपलीच फाईल फाटली.
मग तळाची टीप दिसली, बारीक अक्षरात:
प्रयोगशाळेत वीज गेली. नमुने टाकून दिले.

हसू आलं, अगदी मोठ्यानं,
टाकीत घुमलं असावं.
कुठल्या तरी थंड, श्रीमंत शहरात
कोणीतरी हातात बाटल्या धरून अंधारात उभं होतं,
आत चिलटं जागी की झोपलेली
कळायला मार्ग नाही.
एवढ्या आकड्यांमध्ये
माणूस असल्याची खूण ही एवढीच.

आधीच्या आणि पुढच्या रकान्याची सरासरी काढून
ती जागा भरता येते. सगळे भरतात.
सरांनाही तेच आवडेल.
मी कर्सर तिथं नेला, आणि परत आणला.

खाली शेतात थ्री फेज आली.
एकामागून एक मोटारी सुरू झाल्या,
निरंजनची बॅटरी बांधावरून हलत गेली,
संत्र्यांच्या ओळींमधून
दिसायची, नाहीशी व्हायची, दिसायची.

लॅपटॉपची सहा टक्के उरली.
मिटवून काखेत घेतला
आणि पायानं चाचपत उतरले.
चौथी पायरी गंजून गेलीय,
तिथं पाय जरा लांब टाकावा लागतो.